बोलताना स्नोसेम म्हणा, कागदावर नको

मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
सर्व सहकारी गृहनिर्माण संस्था, ठाणे ते कर्जत-कसारा
(पुण्या-नाशिकच्या मंडळींनी वाचलं तरी हरकत नाही)

विषय: रंगकामाच्या कोटेशनमधली कंपन्यांची नावं

स.न.वि.वि.

गणपती पंधरा दिवसांवर आले की माझ्या फोनला उसंत नसते. अर्धे फोन "बाप्पा यायच्या आत हॉल तेवढा उरकून द्या" म्हणणाऱ्यांचे. उरलेले तुमचे. सप्टेंबरअखेर वार्षिक सर्वसाधारण सभा असते, विषयपत्रिकेवर 'इमारतीस बाहेरून रंग देणे' असतं आणि सभेपुढे मांडायला तीन कोटेशनं लागतात. मग सचिवसाहेब व्हॉट्सॅपवर वहीच्या पानाचा फोटो पाठवतात. गेल्या आठवड्यात आलेला एक जसाच्या तसा उतरवतो:

"संपूर्ण बिल्डिंगला बाहेरून स्नोसेम (एपेक्स) दोन हात. जिन्यात डिस्टेंपर. ग्रिलला ऑइलपेंट. गच्चीवर डॉक्टर फिक्सिट. कमीत कमी दर कळवावा."

'स्नोसेम (एपेक्स)' हे 'भाकरी (पाव)' लिहिण्यापैकी झालं. पहिली सिमेंटची भुकटी. ती कोरडी येते आणि पाण्यात कालवावी लागते. दुसरा ॲक्रिलिक रंग, डब्यातून तयार येतो. दोघांची भिंतीला धरायची रीत वेगळी, आयुष्य वेगळं, भाव वेगळा. मी कमीत कमी दर नेमका कशाचा कळवू?

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो. कंपनीचं नाव वस्तूला देण्याला माझी काडीची हरकत नाही. माझी सगळी उमेदीची वर्षं त्याच भाषेत गेली. तुमच्या इतिवृत्तात 'झेरॉक्स सोबत जोडली आहे' असतं, बाहेर खड्डा खणायला 'जेसीबी' येतो, त्यावर मी कधी काही बोललोय? माझं म्हणणं एवढंच, की ही भाषा तोंडाची आहे. ती तोंडात बरोबर चालते आणि कागदावर घात करते. कसा, ते सांगायला हे पत्र.

माझे वडील गिरणीत साच्यावर होते. ब्याऐंशीच्या संपानंतर गिरणीचा दरवाजा पुन्हा उघडायची वाट बघून कंटाळले आणि लालबागमधल्याच एका रंगाऱ्याच्या हाताखाली गेले. चार वर्षांनी मी त्यांच्या हाताखाली, शिडी धरायला. सकाळी पहिलं काम म्हणजे कोपऱ्यावरच्या बोहरीशेठच्या दुकानात चिठ्ठी घेऊन जायचं. वडिलांच्या अक्षरातली ती चिठ्ठी अजून डोळ्यांसमोर आहे: स्नोसेम १ डबा, रॉबिन ४ पुड्या, फेविकॉल अर्धा किलो, बेलतेल १ बाटली, टर्पिन १ बाटली, पॉलिश पेपर ८० नंबर ६ नग.

एकदा शेठने मला परत पाठवलं. "बाबाला विचार, स्नोसेम कुठल्या कंपनीचं पाहिजे." मी धावत जाऊन विचारलं. वडील परांचीवरूनच ओरडले, "कुठल्याही कंपनीचं दे म्हणावं, पण स्नोसेमच दे!"

मी तसाच निरोप दिला. शेठ हसला नाही, मीही हसलो नाही. त्याने मागून एका भलत्याच कंपनीचा डबा काढून दिला आणि काम झालं. स्नोसेम हे एका कंपनीचं नाव आहे हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. तोवर माझ्या लेखी तो गेरू, चुना, काव यांच्यासारखा एक पदार्थ होता.

आता त्या एका शब्दात काय काय होतं बघा. वडील "उद्या स्नोसेम आहे" म्हणाले, की मला पुढचं सगळं कळायचं. भिंत खरवडून मोकळी करायची, पोपडे राहता कामा नयेत. मारायच्या आधी भिंतीवर पाणी मारून ती ओली करायची, कारण कोरडी भिंत रंगातलं पाणी शोषून घेते आणि सिमेंट नुसतं भुकटीसारखं वर बसून राहतं. कालवायची पद्धत ठरलेली: दोन वाट्या भुकटीला एक वाटी पाणी घालून आधी घट्ट लगदा, मग आणखी एक वाटी घालून सैल. कालवलेलं तासाभरात संपलं पाहिजे, म्हणून एका वेळी बादलीभर कालवायचं नाही. उन्हाच्या बाजूला मारायचं नाही, सावलीमागे सावली सरकत जायचं: सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारनंतर पूर्वेची. आणि मारून झाल्यावर पुन्हा पाणी. आमच्या चाळीतल्या म्हाताऱ्यांना ह्याची फार गंमत वाटायची. रंग लावून वर पाणी ओततायत, ह्यांची अक्कल गेली वाटतं!

म्हणजे 'स्नोसेम' हे आमच्यासाठी वस्तूचं नावच नव्हतं, ती कामाची अख्खी रीत होती. तीन अक्षरांत दोन दिवसांचं वेळापत्रक. ही सोय कोणी सोडेल? 'जलरोधक सिमेंट आधारित भित्तिलेप' असं म्हणायला लागलो असतो तर परांचीवरून ओरडेपर्यंत ऊन आलं असतं. मराठीवाल्यांनी रागावू नये. मराठी आमच्यात भरपूर आहे. रंगाचा 'हात', दरवाज्याला भरायची 'लांबी', 'गिलावा', 'परांची', 'कुंचा' हे शब्द अजून कुठल्या कंपनीला पळवता आलेले नाहीत.

त्या चिठ्ठीतल्या बेलतेलाची गोष्ट तर अजून मजेची. आजही एखाद्या घरी मी "दाराला बेलतेल लावू" म्हटलं, की ताई म्हणतात, "बेलाच्या फळाचं? शंकराला वाहतात तो बेल?" नाही हो. ते उकळलेलं जवसाचं तेल. साहेब लोक 'बॉइल्ड ऑइल' म्हणत, त्याचं कामगारांच्या तोंडात बेल झालं असावं, असा माझा कयास. बाटली उघडी राहिली की ह्या तेलावर साय धरते. दुधावरच्या सायीसारखी, पण रबरी; बोटाने ओढली तर ताणली जाते. आम्ही ती काडीने काढून फेकून देतो.

माझी मुलगी वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने एकदा सांगितलं, की इंग्लंडमधल्या फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या माणसाने रंगाच्या डब्यावरची हीच साय फेकून दिली नाही. ह्याचं काहीतरी होईल म्हणून तो मागे लागला, त्यातून जमिनीवर अंथरायचं लिनोलियम निघालं आणि १८६३ मध्ये त्याने त्याचं पेटंट घेतलं. नावही त्याचंच: लिनम म्हणजे जवस, ओलियम म्हणजे तेल. दुसरे कारखानदार तोच माल काढून त्याच नावाने विकायला लागले, तेव्हा हा कोर्टात गेला. नाव त्याने कधी नोंदवलेलंच नव्हतं. १८७८ साली कोर्टाने सांगितलं, की लिनोलियम हे आता वस्तूचंच नाव झालंय, तुझ्या एकट्याचं राहिलेलं नाही. आमच्या धंद्याच्या डब्यातून निघालेलं नाव असं सगळ्या जगाचं झालं. मुलगी म्हणाली, आपल्याकडे १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यात कलम ३६ आहे. नुसते लोक बोलतात म्हणून कंपनीचा हक्क जात नाही. त्या धंद्यातली माणसंच ते वस्तूचं नाव म्हणून वापरतात असं सिद्ध व्हावं लागतं. "म्हणजे बाबा, तुम्ही." मी म्हटलं, मला साक्षीला बोलावू नकोस बाई, सीझन आहे.

असो. तोंडाच्या भाषेचं कौतुक पुरे. आता घात कसा होतो ते.

पहिला घात माझाच. काही वर्षांपूर्वी कल्याणला एका घरी स्वयंपाकघराच्या शटरांचं काम मिळालं. "ड्युको करून द्या, ऑफ व्हाइट." मी हो म्हटलं, दर सांगितला, कागदावर त्यांनीच लिहिलं: ड्युको, अमुक चौरस फूट.

ड्युको म्हणजे काय? अमेरिकेतल्या ड्यु पाँ कंपनीने १९२३ साली बाजारात आणलेला मोटारींचा रंग. त्याआधी गाडीचा रंग वाळायला आठवडे लागायचे, कारखान्यात गाड्यांच्या रांगा वाळत उभ्या. हा नायट्रोसेल्युलोजचा रंग तासांत वाळायचा. १९२४ च्या ओकलंड गाड्या ह्याच रंगात निघाल्या. मोटारींवरून तो आपल्याकडच्या गॅरेजात आणि गॅरेजातून लाकडी फर्निचरवर आला. आमच्या उस्तादांनी मला शिकवला तो हाच: लांबी भरायची, घासायची, परत भरायची, परत घासायची, पाण्याच्या पेपरने हात काळे होईपर्यंत. मग गनने पातळ हात, एकावर एक. शेवटी कंपाउंड लावून कापडाने घोटायचं. ट्यूबलाइट त्यात सरळ रेघेसारखी दिसली पाहिजे, वाकडी दिसली तर पुन्हा घास. उस्ताद ऑइलपेंटच्या जुन्या दारावर ड्युको मारू द्यायचे नाहीत. थिनर लागला की खालच्या रंगाची कातडी उचलते, दुधात लिंबू पिळल्यासारखं होतं.

तर मी कल्याणला असा ड्युको केला. ट्यूबलाइट सरळ दिसत होती. शेवटचा हप्ता बाकी असताना शेजाऱ्यांचा सुतार आला. त्याने कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडवून एका शटरच्या आतल्या बाजूला घासला. रंग बोळ्यावर आला. सुतार म्हणाला, "हा ड्युको नाही. ड्युको थिनरने निघत नाही. तुम्हाला फसवलंय."

खरं तर बोळ्यावर रंग आला हाच तो अस्सल ड्युको असल्याचा पुरावा होता! नायट्रोसेल्युलोजचा रंग जन्मभर आपल्याच थिनरमध्ये विरघळतो. सुतार ज्याला ड्युको म्हणत होता ते पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. त्यात हार्डनर मिसळतात, ते एकदा पक्कं झालं की थिनरला दाद देत नाही, आणि त्याचा खर्चही जास्त. मधल्या काळात सुतारांच्या तोंडात 'ड्युको' म्हणजे 'गनने मारलेला कुठलाही चकचकीत रंग' झाला होता आणि चांगल्या कामांत तो पीयूच असायचा. मी जुन्या शब्दाला जागलो. ग्राहकाच्या मनात नवा शब्द होता. कागदावर दोघांचं अक्षर एकच. माझे अठरा हजार गेले, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या सोसायटीत मी 'तो फसवणारा' झालो. त्या घरच्या ताईंचा राग मला आजही चुकीचा वाटत नाही. त्यांनी स्वच्छ मनाने एक वस्तू मागितली होती आणि त्यांना दुसरी मिळाली होती.

दुसरा घात एका सोसायटीचा. नाव सांगत नाही, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, तीन विंग, चार मजले. सर्वसाधारण सभेत एक ज्येष्ठ सभासद उठले आणि म्हणाले, "बाहेरून चांगलं स्नोसेम करून घ्या." त्यांचं चुकलं नाही. बिल्डिंग बांधली तेव्हा तिला खरोखर सिमेंट पेंट होता, आणि त्यांच्या पिढीला 'स्नोसेम' म्हणजे 'बाहेरचा रंग'. इतिवृत्तात गेलं: 'इमारतीस स्नोसेम करण्याचे सर्वानुमते ठरले.' तोच शब्द कोटेशनच्या पत्रात. मधल्या काळात, एका जुन्या कमिटीने, बिल्डिंगला ॲक्रिलिक रंग दिला होता हे त्या पत्रात कुठेच नव्हतं.

तीन कोटेशनं गेली. एकाने शब्दाला धरून सिमेंट पेंटचा दर दिला. दुसऱ्याने हलका ॲक्रिलिक धरला. मी भेगा भरून, प्रायमर लावून, चांगला ॲक्रिलिक दोन हात असा दर दिला. तिन्ही कागदांवर वर 'स्नोसेम' आणि खाली आकडा. कमिटीने आकडे एकाखाली एक मांडले आणि सगळ्यात लहान आकड्याला काम दिलं. तुम्हीही तेच केलं असतं. मी कमिटीत असतो तर मीही केलं असतं.

पुढच्या श्रावणात मला बोलावणं आलं. पश्चिमेच्या भिंतीवरून पोपडे सुटून खाली पार्किंगमधल्या गाड्यांवर पडत होते. मी एक पोपडा उचलून उलटा केला. मागची बाजू गुळगुळीत, काचेसारखी. भिंतीवर जुना ॲक्रिलिक तसाच तुळतुळीत बसलेला. सिमेंट पेंटला धरायला उघडा, खरखरीत, पाणी पिणारा गिलावा लागतो. ॲक्रिलिकच्या कातडीवर त्याला पाय रोवायला जागाच नव्हती. बिचाऱ्या कंत्राटदाराने फसवणूक केली नव्हती. कागदावर लिहिलं होतं तेच त्याने मारलं होतं. त्याने भिंत बघून तोंड उघडायला हवं होतं हे खरं, पण तोंड उघडलं असतं तर दर वाढला असता आणि काम गेलं असतं. तेही आम्हाला माहीत असतं.

सगळा रंग खरवडून काढायला नव्या रंगापेक्षा जास्त मजुरी लागली.

तुम्ही म्हणाल, मग नीट ब्रँडच लिहू, कंपनीसकट, म्हणजे प्रश्न मिटला. नाही मिटत. 'जिन्याला ट्रॅक्टर' असं लिहून येतं. ट्रॅक्टर हे एशियन पेंट्सचं नाव, आमच्या तोंडात साध्या डिस्टेंपरला ते कधीचं बसलंय. पण आता त्याच नावाने इमल्शनही मिळतं. डिस्टेंपर किलोवर विकतात, इमल्शन लिटरवर. 'ट्रॅक्टर वीस' लिहिलं तर वीस काय? 'एपेक्स' म्हणालात तर त्याच घराण्यात वरचा एक आहे, खालचा एक आहे आणि दरात चांगलाच फरक. आणि गळती थांबवायला मागतात ते 'डॉक्टर फिक्सिट' हे तर एका औषधाचं नावच नव्हे, अख्ख्या दवाखान्याचं आहे! सिमेंटमध्ये मिसळायचं वेगळं, भेगेत भरायचं वेगळं, गच्चीवर फासायचं वेगळं. 'गच्चीला डॉक्टर करा' ह्यावर दर देणं म्हणजे पेशंट न बघता बिल पाठवणं. 'बिर्ला'चं तसंच. आमच्या तोंडात भिंतीला लावायची कुठलीही पांढरी पुट्टी म्हणजे बिर्ला. पण पांढऱ्या सिमेंटची पुट्टी वेगळी आणि डब्यातली ॲक्रिलिक पुट्टी वेगळी. ओल येणाऱ्या भिंतीवर दुसरी लावली तर फुगून येते.

इथे एक कबुली द्यायला हवी, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. रंगारी जेव्हा तुम्हाला छातीठोक सांगतो, "साहेब, अमुकच कंपनीचा घ्या, बाकी सगळा कचरा", तेव्हा दर वेळी ते अनुभवाचे बोल नसतात. डब्यात टोकन असतं. झाकण उघडलं की आत एक कूपन निघतं, हल्ली स्कॅन करायचा कोड, आणि त्याचे पैसे रंगाऱ्याला मिळतात. बहुतेक कंपन्यांची ही रीत आहे, मी स्वतः घेतलेले आहेत, त्यातून पोरांच्या वह्या आल्या आहेत. मजुरीला घासाघीस होते तेव्हा हेच चार पैसे हाताशी येतात. पण तुम्हाला हे माहीत असायला हवं. कंपनीचं नाव कोण सुचवतोय आणि का, हे कळल्याशिवाय ते कोटेशनमध्ये पक्कं करू नका. तसाच तो जाहिरातीतला पोरगा, गट्टू. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये एशियन पेंट्ससाठी काढलेला, कपाळावर केस, हातात ब्रश आणि रंग गळणारा डबा. लहानपणी मला तो फार आवडायचा. पुढे लक्षात आलं, की इतका रंग जमिनीवर सांडणाऱ्या पोराला माझ्या वडिलांनी एक दिवस ठेवला नसता.

मग लिहायचं काय? सरकारी पद्धत बघा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीत आधी रंगाची जात येते, ऑइल बाउंड डिस्टेंपर किंवा वॉटरप्रूफिंग सिमेंट पेंट, आणि पुढे 'मान्यताप्राप्त ब्रँड व उत्पादनाचे' एवढंच. सरकारी भाषेला आपण नावं ठेवतो, पण इथे त्यांचं डोकं जाग्यावर आहे. जात आधी, कंपनी मागून.

तसंच तुम्ही करा. बाहेर काय पाहिजे: सिमेंट पेंट की ॲक्रिलिक इमल्शन. आत काय पाहिजे: धुता येणारं डिस्टेंपर की प्लास्टिक इमल्शन. ('प्लास्टिक' शब्दाला घाबरू नका, भारतीय मानकातसुद्धा तो तसाच आहे.) मानकांचे नंबर लिहिलेत तर सोन्याहून पिवळं: सिमेंट पेंटला आयएस ५४१०, डिस्टेंपरला ४२८, प्लास्टिक इमल्शनला १५४८९. प्रत्येक डब्यावर हा नंबर सापडेलच असं नाही, पण कोटेशन देणारा निदान त्याच जातीचा दर देईल. ग्रिलला 'ऑइलपेंट' लिहू नका, 'सिंथेटिक एनॅमल, खाली रेड ऑक्साइड प्रायमर' लिहा. आणि डब्यावर शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत नव्वद) आत असल्याचं बघून घ्या. तो नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून आहे. कठड्याला तोंड लावणारी पोरं तुमचीच असतात.

पण खरं सांगू, रंगाची जातसुद्धा दुसरी गोष्ट. पहिली गोष्ट भिंत. भिंतीवर आत्ता काय आहे, शेवटचा रंग कोणत्या साली आणि कुठल्या जातीचा दिला, कुठे ओल आहे, कुठे गिलावा पोकळ वाजतो. हे एकाही कोटेशनच्या पत्रात मी आजवर वाचलेलं नाही. जुनी बिलं सोसायटीच्या कपाटात असतात. पाच मिनिटांत सापडतात. नाही सापडली तर एका कोपऱ्यात पत्र्याने खरवडून बघा, थर दिसतात, झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे. मला बोलावलंत तर फुकट बघून देईन, हे मी लेखी देतो.

हातांचा हिशोबही उलगडून लिहा. 'दोन हात' बरोबर आहे, पण प्रायमरचा हात त्यात धरलाय की वेगळा? गडद रंगावर फिका द्यायचा असेल तर दोन हातांत झाकत नाही, तिसरा लागतो, त्याचे पैसे कोणाचे? खिडक्या-दारांची मोकळी जागा मापातून वजा करायची की नाही? ह्यावर झालेली भांडणं मला एकेक आठवतायत, पण ती लिहायला दुसरं पत्र लागेल.

आणि 'किंवा तत्सम'. हे दोन शब्द तुम्ही प्रत्येक ओळीच्या शेवटी मिठासारखे टाकता. 'एपेक्स किंवा तत्सम.' तत्सम आहे की नाही हे कोण ठरवणार? काम मिळेपर्यंत मी ठरवतो, बिल देताना खजिनदार ठरवतात. एकदा एका कमिटीने मला 'किंवा तत्सम'वर काम दिलं. मी त्याच तोडीचा दुसऱ्या कंपनीचा रंग आणला. काम निम्म्यावर असताना कमिटी बदलली. नव्या सचिवांनी रिकामे डबे मोजले, नावं वाचली आणि म्हणाले, "ठरावात वेगळं नाव आहे." मी 'तत्सम'वर बोट ठेवलं. ते म्हणाले, "तत्सम म्हणजे तेच." त्यांच्याशी व्याकरणावर भांडायला मी काय मास्तर आहे? तीन महिने बिल अडकलं. तत्सम लिहायचंच असेल तर दोन-तीन कंपन्यांची नावं त्यांच्या नेमक्या मालासकट तिथेच लिहून टाका. ह्यापैकी कुठलाही चालेल, ह्याबाहेरचा नाही. काम सुरू होताना पहिला सीलबंद डबा कमिटीसमोर उघडायचा, झाकणाचा आणि लेबलचा फोटो काढायचा. टोकन रंगाऱ्याला घेऊ द्या हो, त्यावर नजर ठेवू नका.

कंपन्यांची नावं बोलण्यातून काढून टाकण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. माझ्याकडची पोरं आता बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडची, तीही तिसऱ्या दिवशी भोकं-भेगा बुजवायला 'एमसील दो' म्हणायला शिकतात. मग ते कुठल्याही कंपनीचं असो, दोन रंगांचे गोळे एकच रंग येईपर्यंत मळायचे हे त्यांना शब्दाबरोबरच कळतं. जिन्यात उभे राहून तुम्ही मला "जरा स्नोसेम मारून टाका की इथे" म्हणालात तर मला बरोबर कळेल, कारण मी भिंतीकडे बघत असेन. कागदाला भिंत दिसत नाही.

पत्र लांबलं. कोटेशनं द्यायची राहिलीत, ती ह्या रविवारपर्यंत देतो. ज्यांच्या पत्रात 'स्नोसेम (एपेक्स)' आहे त्यांना दोन दर देतोय, दोन वेगळ्या कागदांवर. कृपया ते एकाखाली एक लिहून लहान आकडा निवडू नका.

कळावे,
आपला,
एक रंगारी, डोंबिवली (पूर्व)

ता.क. गच्चीचा दर दिलेला नाही. सोमवारी सकाळी येऊन आधी गच्ची बघतो, एक बादली पाणी ओतून ते कुठे साचतं ते बघायचंय. किल्ली वॉचमनकडे ठेवा. गेल्या खेपेला ती सचिवसाहेबांबरोबर गावाला गेली होती.